वटपौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस

सकाळच्या चहाला मुकुंदरावांनी विचारलं, "सूरजचा फोन आला होता का गं?"

वैजयंतीबाईंच्या हातातली गाळणी कपावरच राहिली. सूरज म्हणजे त्यांचा जावई. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. मुकुंदराव त्याच्या दहाव्याला कोल्हापूरला गेले होते आणि परत आल्यावर दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते.

"नाही आला," त्या म्हणाल्या. तसं बघितलं तर हे खोटं नव्हतं.

चहा संपत आला तेव्हा मुकुंदरावांनी एकदम कप खाली ठेवला. "मी मघाशी काय विचारलं तुला? सूरज तर..." पुढचं त्यांना बोलवेना. आठवण आली होती, पण उशिरा आली होती. तेवढ्या वेळात दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली पेटी टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक असा आवाज करत होती. वैजयंतीबाईंनी तो आवाज ऐकला आणि त्या उठून पेटीपाशी गेल्या.

तेरा वर्षांपूर्वी मुकुंद करंबेळकर, कऱ्हाडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक आणि गणिताचे मास्तर, मेंदूज्वरानं आठ दिवस बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा एकोणतीसचा पाढा, तीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांची आडनावं, बायकोशी झालेली भांडणं सगळं जागच्या जागी होतं. नवं मात्र काहीच टिकत नव्हतं. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की ते पुन्हा नमस्कार करायचे.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो. दिवसभरात घडलेलं पक्कं करून ठेवायचं काम त्याचं. मुकुंदरावांचा तो भाग तापानं खाऊन टाकला होता. त्याच्या जागी केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवली गेली. काही घडलं की मेंदूत विजेच्या ज्या लहरी उठतात त्या ही जाळी टिपते आणि कानामागच्या बिल्ल्यातून घरातल्या पेटीकडे पाठवते. आठवायची वेळ आली की पेटी त्याच लहरी परत पाठवते. बाहेरगावी गेलं तर हे सगळं मोबाइलवरून चालतं. या नोंदी म्हणजे चित्रं नव्हेत की आवाज नव्हेत. त्या फक्त त्या एका मेंदूला कळतात, दुसऱ्या कुणी उघडून बघितल्या तर नुसती खरखर. मध्ये कधीतरी कुणाच्या तरी आठवणी चोरीला गेल्याचं प्रकरण गाजलं आणि कायदा झाला की मेंदूची नोंद घराबाहेर ठेवायची नाही, आणि दोनाहून जास्त प्रती करायच्या नाहीत.

म्हणून पेटीत दोन हार्ड डिस्क होत्या. पाच वर्षांपूर्वी गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली आणि त्यातली एक गेली. तेव्हापासून मुकुंदरावांची तेरा वर्षं एकाच चकतीवर उभी होती. पेटी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती.

बसस्टँडमागे नसीम शिकलगारचं दुकान होतं. पंचेचाळिशीची बाई, चष्मा कायम डोक्यावर चढवलेला. मेलेली डिस्क उघडून हेड बदलण्याचं काम जवळपासच्या तीन जिल्ह्यांत तिच्याइतकं कुणी करत नसे. तिनं गेल्या वर्षीच सांगितलं होतं की काकू, नवी पेटी घ्या आणि यातलं सगळं त्यात हलवू. वैजयंतीबाई हो हो म्हणत राहिल्या आणि काही केलं नाही. आळस नव्हता तो, भीती होती. डेटा हलवायचा तर पेटी दिवसभर तोडावी लागणार. तोडली की मुकुंदराव तेरा वर्षं मागे जाणार, आणि तिथं मागे काय होतं हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्या एका दिवसाला भिऊन त्यांनी वर्ष घालवलं.

चहाची भांडी तशीच टाकून त्यांनी नसीमला फोन लावला.

नसीम दहाच्या आत आली. नवी पेटी तिनं येतानाच आणली होती, आणि बरोबर तिचं नाडीयंत्र. पूर्वी डिस्क आजारी आहे हे कळायचं ते अंदाजानं. खराब जागा मोजायच्या, तापमान बघायचं आणि डोकं हलवायचं. निम्म्या डिस्क तर काही न सांगताच मरायच्या. नाडीयंत्र आलं आणि तो प्रकार संपला.

चकती मिनिटाला सात हजार वेळा फिरते. वाचणारं हेड तिच्यावर टेकत नाही, हवेच्या इतक्या पातळ थरावर तरंगतं की मध्ये धुराचा कण शिरायलाही जागा नसते. चकतीवर तेलाचा एक लेप असतो, मोजक्या रेणूंच्या जाडीचा. हेड एकाच जागी पुन्हा पुन्हा गेलं की तो लेप तिथं विरळ होतो, हेड थरथरायला लागतं आणि कधीतरी टेकतं. टेकलं की चकती खरवडली गेली. नाडीयंत्र ती थरथर ऐकतं, मेलेल्या लाखो डिस्कच्या थरथरीशी ताडून बघतं आणि किती वेळ उरलाय ते सांगतं. अंदाज नाही, मिनिटं सांगतं.

नसीमनं यंत्र पेटीला लावलं आणि आलेला आकडा दोनदा तपासला.

"काकू, बसा जरा."

"बोल तू."

"पाच तास चाळीस मिनिटं वाचन शिल्लक आहे हिच्यात. त्याच्यापुढं चालायची नाही. एक दिवस वाचायला वीस सेकंद लागतंय. साहेबांचे दिवस आहेत पावणेपाच हजार, म्हणजे सगळं काढायचं तर सव्वीस तास पायजेत."

वैजयंतीबाईंनी मनात हिशेब केला. गणिताच्या मास्तरांच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला तो जड नव्हता. जेमतेम हजार दिवस. बाकीची दहा वर्षं गेली.

"बंद करून ठेवली तर?"

"बंद केली तर परत फिरंल याची गॅरंटी नाही. आणि चालू ठेवली तर साहेब काहीबाही आठवत बसणार, त्यातच मिनिटं जाणार. करायचं ते आत्ताच करायला लागतंय." नसीमनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "नियम सांगते. डिस्कवर दिवस ओळीनं लिहिलेत, बाहेरच्या कडेपासून आत. जो भाग ठणठणीत आहे तो पहिल्यांदा सलग काढायचा, खराब जागेला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. उड्या मारल्या की हेड दमतं. पण तुमचे काही दिवस असतील की, सोडता न येणारे. ते सांगा, आधी ते उचलू. वीस-बावीस, जास्त नाही. आणि तारखा लागतील मला, पेटीला तेवढंच कळतं."

वैजयंतीबाईंनी कागद घेतला. पहिला दिवस कोणता, याचा त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

ज्वराच्या आधी वर्षभर त्या घरात एकच विषय होता. केतकीनं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सोडून बोअरवेलच्या गाडीवर काम करणाऱ्या सूरज वायदंडेशी लग्न केलं. शिक्षण सोडलं हे एक, आणि जात आडवी आली हे दुसरं. मुकुंदराव लोकांना फक्त पहिलं कारण सांगत. मुलीला त्यांनी उंबऱ्यात उभं करून सांगितलं होतं की हे घर तुला मेलं. मग ताप आला, आणि त्यांच्या स्वतःच्या मेंदूत राहिलेलं केतकीचं शेवटचं चित्र तेच, उंबऱ्यातलं. पेटी आल्यावरही दोन वर्षं त्यांनी तिचं नाव काढलं नाही.

मग एका वर्षी वैजयंतीबाईंनी नवऱ्याला न विचारता लेक-जावयाला जेवायला बोलावलं. मुकुंदराव ताडकन उठले आणि गच्चीवर जाऊन बसले. सूरज काही न बोलता त्यांच्या मागोमाग वर गेला. बाई पुरणाच्या तळणीपाशी उभ्या, केतकी जिन्याखाली उभी. पाऊण तासानं दोघं खाली आले आणि मुकुंदरावांनी स्वतःच्या हातानं सूरजचा पाट आपल्या शेजारी मांडला. वर काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. केतकीनं दोघांनाही किती वेळा विचारलं. सूरज हसायचा. मुकुंदराव म्हणायचे, "ते आमचं आहे." तेव्हापासून दर वर्षी त्या तिथीला दोघं जेवायला येत, आणि सूरज गेल्यावर केतकी एकटी येई.

तिथीलाच. वैजयंतीबाई वाईच्या जोशांच्या, वडील पंचांगकर्ते. त्यांच्याकडे वाढदिवससुद्धा तिथीनं होत आणि शेजारणी त्यांना विचारून उपास धरत. तिथीच्या बाबतीत त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती.

"जेठ वद्य पंचमी," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वीची."

"मला तारीख द्या ओ काकू."

"वटपौर्णिमा बघ त्या वर्षीची. तिच्यापासून पाचवा दिवस. आमचं ठरलेलंच असतं, वडाची पूजा झाली की पाच दिवसांनी केतकी येते."

नसीमनं मोबाइलवर त्या वर्षीची वटपौर्णिमा काढली आणि पाच दिवस पुढे मोजले. "दोन जुलै."

"तोच. सगळ्यात आधी तोच घे. मागचे-पुढचे दोन-दोन दिवसही घे, उगाच धोका नको."

दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी सूरज गेल्याचा दिवस लिहिला. लिहिताना हात थांबला होता. पण हा दिवस हलवला नाही तर रोज सकाळी ती बातमी नव्यानं द्यावी लागली असती. मग केतकीच्या दिवाळ्या, काशीची यात्रा, शाळेचा सुवर्णमहोत्सव, आणखी पंधरा-सोळा दिवस. एका माणसाच्या तेरा वर्षांतले बावीस दिवस निवडताना त्यांना आपण कोण लागून गेलो असं वाटत होतं. पण निवडायला दुसरं होतं कोण?

नसीमनं मुकुंदरावांच्या कानामागचा बिल्ला काढला आणि काम सुरू झालं.

मुकुंदरावांनी आपल्या हातांकडे बघितलं. त्यावरचे डाग त्यांना नवे होते. मग बायकोचे पांढरे केस बघितले. "वैजू, काय झालंय तुला?"

त्यांच्याच अक्षरातलं एक पत्र अशा वेळेसाठी लिहून ठेवलेलं होतं. तुला आजार झाला होता, आज पेटीचं काम चालू आहे, घाबरू नकोस, संध्याकाळपर्यंत सगळं आठवेल. ते पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं की हा कागद कसला. दुपारपर्यंत त्यांनी ते पत्र चाळीसएक वेळा पहिल्यांदा वाचलं.

मधूनच ते म्हणत, "ती गेली ना त्या पोराबरोबर? जाऊ दे. पण या घराचा उंबरा तिनं चढायचा नाही. नाहीतर गाठ माझ्याशी आहे." आवाज तोच, तेरा वर्षांपूर्वीचा, जड आणि थंड. वैजयंतीबाई म्हणत, "बरं." नसीम मान खाली घालून यंत्राच्या पडद्याकडे बघत राही.

त्या पडद्यावर चकतीचा नकाशा होता. हिरवा भाग चांगला, पिवळा कमजोर, लाल म्हणजे गेलेला. लाल ठिपके बरेच होते, पण एक डाग त्या सगळ्यांत मोठा होता.

"हे बघा काकू. जूनचा पहिला आठवडा, अकरा वर्षांपूर्वीचाच. इथं लेप पार गेलाय. एकतर वीज पडली तेव्हा हेड इथं आपटलंय, नायतर ही जागा बेसुमार वाचली गेलीय. माणूस एखादी गोष्ट सारखी आठवत राहिला की असं होतं. काय होतं का त्या दिवसांत?"

"जूनच्या पहिल्या आठवड्यात काय असणार?" वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांचा जीव दोन जुलैवर लागला होता. "शाळा उघडायच्या आधीचे रिकामे दिवस. वीजच असेल."

"मग मी तिकडं फिरकतच नाही. तिथं गेलं तर हेड जागच्या जागी बसंल."

"नको जाऊस बाई."

दोन जुलै स्वच्छ निघाला. हिरवागार, एकही चूक नाही. नसीमनं हात वर करून दाखवलं आणि वैजयंतीबाईंनी देवघरात जाऊन दिवा लावला. बावीस दिवस निघाले. मग सलग वाचन सुरू झालं, अलीकडच्या वर्षांचं. चाराला चार मिनिटं असताना पेटीतून पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच आला नाही. यंत्रानं सांगितलेल्या वेळात दोन मिनिटांचा फरक होता.

"एक हजार नऊ दिवस," नसीम म्हणाली. "काकू, चांगलं निघालं. लोकांचं एवढंही निघत नाही."

नवीन बिल्ला लावला तेव्हा मुकुंदराव काही क्षण डोळे मिटून बसले. उघडले तेव्हा त्यांनी नसीमला ओळखलं, तिच्या मुलीच्या बारावीची चौकशी केली आणि चहा मागितला. वैजयंतीबाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडल्या. ते रडणं सुखाचं होतं, आणि ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी केतकी कोल्हापूरहून आली. सूरजची बोअरची गाडी आता तीच सांभाळते. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते यंत्रानं बघते, आणि गावोगावचे पुरुष तिचं ऐकतात. ती आत आली, चपला काढल्या आणि वाकून वडिलांच्या पाया पडली. मुकुंदराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही, पाय मागेही घेतले नाहीत.

"बस," ते म्हणाले. "केतकी, मला एक सांग. तू या घरात येतेस. गेल्या दिवाळीला आली होतीस, त्याच्या आधीच्याही. तो तुझा नवरा माझ्या शेजारी जेवायला बसलेला मला आठवतोय. तो गेला तेव्हा मी रडलोय. हे सगळं आहे माझ्याकडे." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "पण का आहे?"

"म्हणजे काय, बाबा?"

"मी तुला सांगितलं होतं, हे घर तुला मेलं. ते मला लख्ख आठवतंय. आणि त्याच्यानंतर एकदम तो माझ्या शेजारी जेवतोय. मधली पायरी कुठाय?"

वैजयंतीबाई पुढे झाल्या. "अहो, असं काय करता? तो गच्चीवर आला नव्हता का तुमच्या मागून? दोन जुलैला. पहिल्यांदा तोच दिवस काढला आम्ही."

"दोन जुलै?" मुकुंदरावांचा चेहरा उजळला, कारण तो दिवस त्यांना खरोखरच फार छान आठवत होता. "सकाळी मोरीतल्या नळाचा वॉशर बदलायला माणूस आला. त्याच्याकडे पान्हा नव्हता, मी दिला. तू दुधीची भाजी केलीस, मीठ कमी होतं. दुपारी मी पेपरातलं कोडं सोडवलं, आडवं सात राहिलं. संध्याकाळी लाईट गेले. गच्चीवर मी गेलोच नाही."

केतकी आईकडे बघत होती आणि आई भिंतीकडे.

मग वैजयंतीबाईंना ते पुरण दिसलं. तळणीतलं. पुरणाचे धोंडे तळत होत्या त्या त्या दिवशी. लेक-जावयाला बोलावलं तेच मुळी धोंड्याच्या जेवणाला, कारण तीन वर्षांनी येणाऱ्या त्या अधिक महिन्यात जावयाला बोलावल्याबद्दल नवराही चारचौघांत काही बोलू शकला नसता. तो अधिक जेठ होता. त्याच्यानंतर खरा जेठ आला, आणि वटपौर्णिमा त्या खऱ्या जेठातली. म्हणजे सूरज गच्चीवर गेला तो वटपौर्णिमेच्या पंचवीस दिवस आधी. पुढच्या वर्षी अधिक जेठ नव्हता, म्हणून तीच पंचमी वडाच्या पूजेनंतर पाच दिवसांनी येऊ लागली, आणि दहा वर्षं तसंच करता करता जोशांच्या मुलीच्या डोक्यात तो दिवस पहिल्यापासून तिथंच होता असं बसलं.

पंचवीस दिवस आधी म्हणजे जूनचा पहिला आठवडा. लाल डाग. सगळ्यात जास्त वेळा वाचलेली जागा. मुकुंदराव तो पाऊण तास रोज आठवत असणार, कधी झोपाळ्यावर, कधी जेवता जेवता, आणि आठवून आठवून त्यांनी तो झिजवला होता. चकतीनं बोट ठेवून दाखवलं होतं की इथं आहे. आणि वैजयंतीबाईंनी म्हटलं होतं, नको जाऊस बाई.

त्यांनी आतल्या खोलीत जाऊन नसीमला फोन केला. सगळं सांगितलं.

"काही होईल का गं?"

"काकू, चकतीचा भुगा आहे आत. तो भाग तर सगळ्यात आधी गेलेला." नसीम म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला, पण थांबायला हवं होतं मी. एवढा मोठा डाग विजेचा नसतोय, माहीत होतं मला."

"चूक माझी आहे. तुझी नाही."

बाहेर आल्या तेव्हा केतकी खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि मुकुंदराव येरझाऱ्या घालत होते.

"तीस वर्षं मी मुलांना एक गोष्ट शिकवली," ते म्हणाले. "उत्तर बरोबर आणि रीत नाही, तर शून्य. कारण रीत नसेल तर उत्तर शेजाऱ्याच्या वहीतून आलेलं असतं. मी या माणसाला माफ का केलं, हे तुला माहीत नाही. हिला माहीत नाही. ज्याला माहीत होतं तो नाही. आणि मला माहीत नाही. मग हे माझं कशावरून?"

"तुमचंच आहे, अहो," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं कबूल केलं. तिथी, अधिक महिना, वटपौर्णिमा, लाल डाग. एकही गोष्ट लपवली नाही.

मुकुंदरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी बायकोकडे ज्या नजरेनं बघितलं तशी नजर चाळीस वर्षांच्या संसारात तिनं बघितली नव्हती.

"तू तिथी चुकलीस? तू, वैजू? कमाल झाली." ते खुर्चीत बसले. "आख्खी पेठ तुला विचारून चतुर्थी सोडते. तू झोपेतसुद्धा अधिक मास विसरायची नाहीस. तुला दुसरं काहीतरी सांगता येत नाहीये म्हणून तू हे सांगतेस. ती बाई काल दिवसभर इथं पेटी उघडून बसली होती. माझ्या डोक्यात लेक-जावई भरून गेली. तुझी इच्छा होतीच, पहिल्यापासून."

"बाबा," केतकी म्हणाली, "सूरज मेल्यावर तुम्ही माझ्याजवळ बसून होतात. रात्रभर. तेही भरलेलं?"

"आठवतंय मला ते," मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तेच तर भयंकर आहे. मला आठवतंय, आणि तो मी नाहीये."

केतकी जायला निघाली तेव्हा वैजयंतीबाईंनी तिला जिन्यात गाठलं. तिचा हात धरला. "तू सांग ना काहीतरी. सूरज काय म्हणाला असेल ते. तुला तो माहीत होता. काहीही सांग, त्यांना पटेल असं. मीही म्हणेन, मी ऐकलं होतं."

"आई, तो काय म्हणाला ते मला कधीच कळलं नाही. आयुष्यभर कळणार नाही आता." तिनं हात सोडवून घेतला, जोरानं नाही. "त्याच्या तोंडात मी माझे शब्द घालणार नाही. बाबांना तेवढंच हवंय, खोटं पकडायला. आणि मला त्यांच्यासमोर परकी म्हणून बसवत नाही गं. एकदा परकी झाले होते, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आता नाही जमत."

ती गेली. महिन्यातून एकदा फोन करते, आईच्या मोबाइलवर, दुपारी, मुकुंदराव झोपलेले असताना. येत नाही. त्या वर्षी वडाची पूजा झाली आणि पाचवा दिवस नुसता गेला. वैजयंतीबाईंनी साधा वरणभात केला, आणि मुकुंदराव तो जेवले. मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली. दोघांमध्ये आता तेवढंच बोलणं होतं.

नवी पेटी चांगली आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, टेकणारं काही नाही. नसीम दर तीन महिन्यांनी येऊन बघून जाते आणि सांगते की काळजी करू नका, ही तुमच्या-माझ्या पुढं जाईल, हिच्यातलं कितीदाही वाचलं तरी झिजत नाही. वैजयंतीबाई तिला चहा देतात. मुकुंदराव ती आली की आत जाऊन दार लावून घेतात.

रोज सकाळी ते चहाला बसतात आणि कपाच्या वरून बायकोकडे बघतात. काही विचारत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरून वैजयंतीबाईंना कळतं की या क्षणी पेटी त्यांना तो दुसरा दिवस परत देते आहे, केतकी आली होती तो, शब्दन् शब्द, आणि त्याबरोबर तोच निष्कर्ष: ही बाई चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिली आणि तिनं माझ्या डोक्यात हात घातला. काल हे जेवढं स्पष्ट आठवलं तेवढंच आज आठवतं, आणि उद्याही तेवढंच आठवेल. वैजयंतीबाई बशी पुढे सरकवतात, आणि ते चहा पितात.